परागचं सवयकार्ड

देवतळ्यांच्या घरात देव फ्रिजवर बसत आणि कम्प्युटर हॉलमध्ये मानाच्या जागी. हॉलमधल्या एसीचं तोंडसुद्धा कम्प्युटरच्या कॅबिनेटकडे वळवलेलं होतं. पाहुणे सोफ्यावर घाम पुसत बसायचे आणि काचेच्या कॅबिनेटमधले निळ्या-जांभळ्या दिव्यांचे पंखे गार वाऱ्यात मजेत फिरायचे. नागपूरच्या मे महिन्यात असला पाहुणचार फार लोकांना सोसत नाही, त्यामुळे देवतळ्यांकडे येणंजाणं बेताचंच होतं. पराग देवतळेला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटत असे.

त्याची बायको वृषाली लग्न होऊन या घरात आली, त्या पहिल्या दिवाळीला तिच्यासाठी साडी आली आणि कम्प्युटरसाठी नवा पॉवर सप्लाय. दोन्ही खोकी समोर ठेवून परागने कौतुकाने उघडून दाखवला तो पॉवर सप्लाय. पुढे ती वीज कंपनीच्या ऑफिसात लागली. तिथे मैत्रिणींनी नवऱ्याची चौकशी केली की ती म्हणायची, "नवरा चांगला आहे बाई, पण सवत घरातच आहे आणि तिला उन्हाळा सोसत नाही." सगळ्या हसायच्या, तीही हसायची. एकच विनोद अठरा वर्षं करणाऱ्या बाईला आतून काय वाटत असेल, हे कोणी विचारलं नाही.

पराग वाईट माणूस नव्हता. दारू नाही, आरडाओरडा नाही. नोकरीवरून यायचा, जेवायचा आणि हेडफोन लावायचा. हेडफोन लावलेला पराग मात्र निराळाच होता. कामठीचा इरफान हा त्याचा कॉलेजपासूनचा खेळातला जोडीदार. त्याच्याशी तो खिदळायचा, शिव्या हासडायचा, मध्येच गाणं म्हणायचा. वृषाली स्वयंपाकघरातून ते ऐकत असे. हेडफोन उतरला की 'वाढ' आणि 'निघतो' एवढ्या दोन शब्दांवर त्याचं भागायचं.

रविवारी तो कॅबिनेट उघडून बसे. हा पंखा काढ, तो लाव, प्रोसेसरवरची वाळलेली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट खरवडून नवी लाव. बाजारात नवीन काही आलं की ते त्या पेटीत गेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सवयकार्ड निघालं तेव्हा शहरात ते आणणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता.

सवयकार्ड ही गोष्ट खेळणाऱ्यांसाठीच काढलेली. इंटरनेटवरून खेळताना बोट दाबलं आणि पडद्यावर बंदूक उडाली, यांत सेकंदाचा लहानसा तुकडा वाया जातो. तो वाचवायचा कसा? बोट हलण्याच्या किंचित आधी मेंदूकडून निघालेला विजेचा इशारा मनगटात येऊन पोचलेला असतो. मनगटावर पट्टा बांधून तो इशारा पकडायचा आणि बोट दाबण्यापूर्वीच कार्डाने ओळखायचं, की हा गडी आता काय करणार.

ते ओळखायला कार्डाला माणूस पाठ व्हावा लागतो. साध्या चिपमध्ये माहिती लिहितात आणि पुसतात. सवयकार्डात तारांच्या जाळीमध्ये एका खास पदार्थाचा पातळ थर असतो. एखाद्या वाटेने वीज पुन्हा पुन्हा गेली की त्या वाटेवरचे अणू सरकतात आणि ती वाट सोपी होते. रोज माणसं चालून शेतात पायवाट पडते, तसंच. आठ वर्षं पराग खेळला, खेळता खेळता इरफानशी लिहून आणि बोलून गप्पा मारत राहिला आणि त्याच्या हाताच्या, शब्दांच्या, खोड्यांच्या वाटा त्या थरात पडत गेल्या. त्यांची नक्कल काढता येत नाही, कारण वाटा म्हणजे तो थरच. आणि कार्ड फार तापलं तर अणू मोकळे होतात, वाटा बुजतात. म्हणून एसीचं तोंड कॅबिनेटकडे.

मग आजार आला. तो मज्जातंतूंचा होता आणि सुरुवातच त्याने डोळ्यांपासून केली. पापण्या अर्ध्या मिटल्या, बुबुळं आपोआप भिरभिरायला लागली. नजरेने अक्षरं दाखवून बोलण्याची जी सोय असते ती परागच्या उपयोगाची राहिली नाही. मागोमाग जीभ गेली, हातपाय गेले. मेंदू मात्र लख्ख होता. डॉक्टर खापरे हळहळले. इरफानने एका शनिवारी येऊन परागच्या मनगटाला तो खेळाचा पट्टा बांधला.

बोट हलत नव्हतं, पण इशारा अजून मनगटापर्यंत येत होता. सवयकार्डाला तेवढा पुरला. पडद्यावर अक्षरं उमटली आणि स्पीकरमधून परागच्याच जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवलेल्या आवाजात पहिलं वाक्य आलं.

"का बे इरफान, रडून काय राहिला?"

वृषाली देवासमोर जाऊन ढसाढसा रडली. ज्या पेटीला अठरा वर्षं शिव्या दिल्या, तिच्याच पाया पडायची वेळ आली होती. ती पडलीही, दार लावून.

परागचा आवाज परत आला, म्हणजे आधीचा होता तोच आला. "चहा पाणचट आहे." "पाठीला उशी दे. अशी नाही." आणि हिवाळ्यात एकदा, डॉक्टर जाऊन बराच वेळ झाल्यावर, "श्वासाचं मशीन वगैरे मला लावू नको. मी दुसऱ्यांना पंखे बसवतो. मला कोणी बसवायचे नाहीत."

"काय अभद्र बोलून राहिला तू!" वृषाली संतापली. "माझा काही विचार?"

"तुझाच करून राहिलो," स्पीकर म्हणाला. ती उठून गेली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

एप्रिलपर्यंत इशारे मंद झाले. शब्द तुटायला लागले. यावर उपाय परागनेच काढला. बारीक इशारे पकडणारी नवी पट्टी मदरबोर्डवर बसवायची. पण ती जागा सवयकार्डावरच्या गलेलठ्ठ पंख्याने अडवलेली, म्हणजे तो पंखा काढायचा आणि त्याजागी पाण्याने थंड ठेवणारा चपटा ब्लॉक लावायचा. इरफान आता हैदराबादला नोकरीवर होता. दुकानातला माणूस बोलवायला पराग तयार नव्हता.

"माझ्या मशीनला बाहेरचा हात लागला नाही कधी," तो म्हणाला. "तू कर."

"मी?"

"भाजी चिरते ना रोज? तसंच आहे."

दोन दिवस त्याने तिला शिकवलं. कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर. मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट. हातातली स्थिर वीज जावी म्हणून आधी नळाला हात लावायचा. लग्नानंतर तो तिच्याशी सलग इतकं कधी बोलला नव्हता. वृषालीला ते आवडलं. रविवारी सकाळी तिने केस बांधले आणि मशीन बंद केलं.

मशीन बंद, म्हणजे परागही बंद. ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

तिने काम नीट केलं. पंखा काढला, मोकळ्या जागी नवी पट्टी बसवली, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, खोक्यातून ब्लॉक काढला. तेव्हा कॅबिनेटशेजारच्या पलंगावरून परागच्या घशातून घरघर सुरू झाली. तिने वळून पाहिलं. "काय झालं? उशी?" घरघर वाढली. ती ब्लॉक हातात घेऊन उभी राहिली तर त्याचा चेहरा लालबुंद झाला. वृषालीला वाटलं, झालं, आता चुका काढून राहिला. अठरा वर्षांत तिच्या कुठल्या कामात त्याने चूक काढली नव्हती? "करते आहे ना बाप्पा," ती म्हणाली, "थोडा तरी भरवसा ठेव." आणि तिने ब्लॉक कार्डावर दाबून चारी स्क्रू आवळले. मशीन सुरू झालं. पडद्यावर तापमानाचा आकडा हिरव्या रंगात आला, पूर्वीपेक्षाही कमी. तिला इतका अभिमान वाटला की तिने स्वतःसाठी कॉफी केली.

आठवडाभर परागचं बोलणं अडखळत राहिलं. काहीतरी असंबद्ध शब्द यायचे. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतोय. कार्डात एक सोय होती. ते शब्द सुचवतं आणि मालकाला पटला तर मालकाने एंटर दाबायचं. त्यावरून ते शिकतं. परागला एंटर दाबता येत नव्हतं. पूर्वी त्याची गरजही पडली नव्हती, आठ वर्षांच्या वाटा होत्या. आता वृषाली शेजारी बसू लागली. पडद्यावर दोन-तीन शब्द यायचे, ती विचारायची, "हे म्हणायचंय ना?" त्याच्या चेहऱ्याकडे पाहायची, तिला जे दिसे ते पाहायची आणि एंटर दाबायची. चेहऱ्यावर आता फारसं काही उमटत नव्हतं.

हळूहळू बोलणं सुधारलं. नुसतं सुधारलं नाही, बदललं.

"दमली असशील. बस जरा," एका संध्याकाळी स्पीकर म्हणाला.

वृषालीच्या हातातून वाटी पडली.

मग रोजच काही ना काही. "हा रंग छान दिसतो तुला." "ऑफिसात काय झालं आज? सांग ना." ती ऑफिसातल्या गोष्टी सांगायची आणि तो नेमकं हवं तेच विचारायचा. ती लवकर घरी यायला लागली. मैत्रिणींना म्हणाली, आजारपणाने माणूस निवळतो म्हणतात ते खरं आहे. सवतीचा विनोद तिने बंद केला. एकदा तिच्या मनात एक वाक्य आलं आणि ती तोंड उघडायच्या आत तेच वाक्य स्पीकरमधून आलं, तेव्हा ती क्षणभर दचकली. मग तिने स्वतःची समजूत घातली, की इतक्या वर्षांच्या नवराबायकोत असं होतंच. सुखाची चौकशी करायला बसेल एवढी ती मूर्ख नव्हती, आणि ते सुख तिला फार उशिरा मिळालं होतं.

जूनमध्ये परागचा श्वास अपुरा पडू लागला. डॉक्टर खापरे खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"परागजी, गळ्याला छिद्र करून नळी घालावी लागेल. पुढे श्वास मशीनच देईल, कायमचा. तुमची इच्छा नसेल तर त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू. वहिनी सांगतात, मागे तुम्ही नको म्हणाला होता."

वृषालीने खरं तेच सांगितलं होतं. पडद्यावर शब्द आले. तिचा हात सवयीने एंटरवर होता.

"तेव्हा एकटं वाटायचं," परागचा आवाज म्हणाला. "आता नाही. मला जगायचंय. वृषालीसोबत."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पलंगावरून घशाची घरघर आली, बरीच मोठी. "दमलाय तो," वृषाली म्हणाली आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. नळी बसली. नळीने श्वास आला आणि घरघर कायमची थांबली.

पोळ्याच्या सुट्टीत इरफान आला. त्याने मित्राला पाहिलं, तोंड फिरवून नाक पुसलं आणि म्हणाला, "चल बे, एक राउंड मारू. तुझा हात नाही, पण कार्ड आहे ना."

तो त्यांचा जुनाच खेळ होता. ओसाड शहर, पाच जणांची टोळी, शत्रूच्या वेढ्यातून बाहेर पडायचं. वृषाली भजी तळता तळता पाहत होती. परागचा गडी पडद्यावर पळत होता. एक साथीदार गोळी लागून पडला. परागचा गडी मागे फिरला आणि त्याला उचलायला बसला. दुसरा पडला, त्यालाही उचललं. तिसऱ्याला उचलताना स्वतः मेला.

"पाहा किती जीव लावतो," वृषाली कौतुकाने म्हणाली.

इरफान हसला नाही. त्याने हेडफोन काढून ठेवला. "वहिनी, पंचवीस वर्षं खेळून राहिलो मी याच्यासोबत. मी पडलो की हा मला तुडवून पुढे जायचा आणि वरून म्हणायचा, रडू नको बे, वाट अडवू नको. असा हा कधीच खेळला नाही. कोणासाठीच नाही."

"बदलला तो आता."

"बदलला? मग हे पाहा." त्याने परागच्या मनगटाचा पट्टा सोडवला आणि टेबलावर ठेवला. आता परागचा मशीनशी काहीएक संबंध उरला नव्हता. "पराग, मी निघू का?"

पडद्यावर शब्द आले. वृषालीचा हात एंटरकडे गेला. पुरता पोचायच्या आतच स्पीकर बोलला, "इरफान, भजी खाऊन जा रे. वृषालीने किती मेहनत घेतली आहे."

गॅसवर तेल धुरकटायला लागलं होतं. कोणी उठलं नाही.

इरफानने मशीन बंद केलं, कॅबिनेट उघडलं आणि ब्लॉकचे स्क्रू सोडवले. ब्लॉक उलटा केला. तांब्याच्या चकचकीत तळाला प्लास्टिकचा पारदर्शक कागद चिकटलेला होता, पेस्टच्या वर जळून तपकिरी झालेला. कारखान्यातून येताना ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात तो. बसवण्याआधी सोलून काढायचा असतो.

"हा काढला नव्हता, वहिनी?"

"तो मला काढायला सांगितलाच नाही त्याने."

"कोणीच सांगत नाही," इरफान हळूच म्हणाला. "पन्नास मशीनं जोडली की हात आपोआप काढतो. या कागदाने उष्णता पाण्यापर्यंत पोचूच दिली नाही. खाली कार्ड भाजून निघालं आणि पडद्यावर आकडा दिसत होता पाण्याचा. पाणी थंडच राहिलं. याचं सगळं पुसलं गेलं, वहिनी. त्यानंतर जे शिकलं ते..." तो एंटरच्या कळीकडे पाहून थांबला.

वृषालीला ती रविवारची घरघर आठवली. लालबुंद चेहरा आठवला. मग जूनमधली घरघर आठवली.

इरफानने कार्ड बाजूला काढलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. तिने बसवलेली नवी पट्टी मात्र उत्तम चालत होती. मनगटातला कणभर इशाराही ती पकडत होती. त्याने तिची तार सरळ कॅबिनेटच्या पंख्याच्या दिव्याला जोडली आणि पट्टा परत मनगटावर बांधला. आता मध्ये ओळखणारं, सुचवणारं कोणी नव्हतं. परागने बोट हलवायचं नुसतं मनात आणलं की दिवा लागणार होता.

"एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पराग, मी तुझा सासरा आहे का?"

बराच वेळ गेला. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"साल्या," इरफान म्हणाला आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडला.

वृषालीने त्याला बाहेर बसायला सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. काय विचारायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणून तिने आधी भलतंच विचारलं.

"एसी जास्त होतोय का?"

दोनदा.

"हे सगळे महिने... मशीन तुझ्या नावाने बोलायचं ते ऐकू येत होतं तुला?"

एकदा.

"सगळं?"

एकदा.

"त्यातलं काही तुझं होतं? एखादं तरी?"

दिवा लागला. ती थांबली, दुसऱ्यांदा लागू नये म्हणून तिने पदर मुठीत धरला. लागला.

चार महिने ती स्वतःशीच बोलत होती. स्वतःच स्वतःला दमलीस का विचारत होती, स्वतःच्याच साडीचं कौतुक करत होती. तिला लाज वाटली, मग भयंकर राग आला. राग याचा, की ही वाक्यं त्याने कधी म्हटली असती तर तिला चोरून घ्यावी लागली नसती. आणि मग रागही ओसरला, कारण समोरचा माणूस तिच्या एका शब्दावर श्वास घेत पडला होता.

"ही नळी तुला नको होती."

एकदा. वाट पाहावी लागली नाही.

"अजूनही नको?"

एकदा.

तिला आणखी एक विचारायचं होतं. अठरा वर्षांत कधीतरी, एखाद्या दिवशी, त्याचा तिच्यावर जीव होता का. प्रश्न ओठांपर्यंत आला. मशीनने याचं उत्तर रोज दिलं असतं, हवं तितक्या वेळा. दिव्याला तिने विचारलं नाही.

"गुरुवारी डॉक्टर येतील," ती म्हणाली. "मी कार्ड बसवणार नाही."

बुधवारी संध्याकाळी मात्र तिने ते हातात घेतलं. एका झटक्यात बसलं असतं, ते काम तिला आता येत होतं. उद्या डॉक्टरांनी विचारलं असतं आणि आवाज म्हणाला असता, मला जगायचंय, वृषालीसोबत. इरफान बोलला असता तर लोकांनी त्याच्यापेक्षा परागच्या आवाजावर विश्वास ठेवला असता. कोणी तिला दोष दिला नसता. बायकोने नवऱ्याला जगवलं म्हणून कौतुकच झालं असतं. तिने कार्ड इरफानच्या पिशवीत टाकलं आणि त्याला ते हैदराबादला घेऊन जायला सांगितलं.

गुरुवारी डॉक्टर खापरे दुसऱ्या एका डॉक्टरांना घेऊन आले. नव्या कायद्याप्रमाणे रुग्णाने स्वतः, शुद्धीवर असताना, दोघांसमोर सांगावं लागतं. वृषालीने त्यांना कार्डाचं, प्लास्टिकच्या कागदाचं, एंटरचं, सगळं सांगितलं, काहीही न वगळता. डॉक्टर खापऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी परागला प्रश्न विचारला, मग शब्द फिरवून विचारला, मग उलटा करून विचारला. दिव्याने तिन्ही वेळा तेच सांगितलं.

खापरे त्या दिव्याकडे पाहत म्हणाले, "पण जूनमध्ये तर ते किती स्पष्ट बोलले होते, वहिनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घाई करू नका. तुमचं मन काय म्हणतं तेही आम्हाला ऐकायला हवं."

"जूनपासून तुम्ही माझ्याच मनाचं ऐकत आहात, डॉक्टर," वृषाली म्हणाली. "आता त्याचं ऐका."